गाडी नाही, पण गाडीचा इन्शुरन्स मात्र हवाच

अरे काय डोक्याला ताप आहे हा एसआर-२२ म्हणजे, गाडीचा इन्शुरन्स चालू असल्याचा कंपनीने सरकारला द्यायचा कागद! माझा दीर कॅलिफोर्नियात असतो, सिग्नलला उभा होता, चक्क उभा, आणि मागून एकाने येऊन ठोकलं. चूक शंभर टक्के मागच्याची. पण झालं काय, बँकेने ह्याचं कार्ड बदललेलं, ऑटोपे फेल, कॅन्सलेशनचं पत्र गेलं जुन्या अपार्टमेंटला, आणि नेमकी त्या दिवशी पॉलिसी बंद. बास, मेला! कारण इथे चूक कोणाची ते बघतच नाहीत, हजार डॉलरच्या वर नुकसान झालं की अपघात कळवायचा, आणि इन्शुरन्स नसला की लायसन्स सस्पेंड. वर्षभर घरी बसा, मग पुढची तीन वर्षं एसआर-२२ चालू ठेवलात तरच गाडी चालवा.

बरं ज्याने ठोकलं त्याच्याकडून भरपाई तरी नीट मिळावी ना, तर १९९६ पासून कायदा असा की तुमचा इन्शुरन्स नव्हता तर फक्त डॉक्टरचं बिल, बुडालेला पगार, दुरुस्ती एवढंच मागायचं. मान आखडून महिनोन्‌महिने झोप नाही लागली त्याचं काय, तर काही नाही, सोसा.

आणि हा एसआर-२२ म्हणजे इन्शुरन्स पण नाही हो. कंपनीने सरकारला लिहून द्यायचं की ह्या बाबाची पॉलिसी चालू आहे, एवढाच कागद. त्याची फी असते पंचवीसेक डॉलर, ते कोण रडतंय, पण कागद मागितला रे मागितला की तुम्ही 'हाय रिस्क', दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या रांगेत. जुन्या कंपनीने तर सरळ हात वर केले.

खरी गंमत पुढे आहे. वर्षभर चालवायची नाही म्हणून त्याने गाडी विकून टाकली. आता लायसन्स हवं तर एसआर-२२ हवा, एसआर-२२ हवा तर पॉलिसी हवी, म्हणून नॉन-ओनर पॉलिसी घ्या म्हणे, म्हणजे दारात गाडी नाही, हप्ता मात्र भरतोय! आणि तो चुकला की कंपनी लगोलग सरकारला कळवणार, लायसन्स परत गेलं. आम्हाला कळवायला टपाल, तेही भलत्या पत्त्यावर, सरकारला चुगली करायला मात्र एवढी घाई.

साताऱ्याहून सासूबाई विचारतात, दोन हजार दंड भरून मोकळं का होत नाही तो. आता त्यांना काय सांगू, आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या सीसीवर ठरतो, इथे माणसाची कुंडली मांडतात. न्यूयॉर्कला हा एसआर-२२ प्रकारच नाही, पण नोकरी इथे ना!

त्यात १ जानेवारी २०२५ पासून किमान कव्हर वाढवलंय, एका माणसाच्या दुखापतीला १५ हजार डॉलरचं ३० हजार, समोरच्याच्या गाडी-मालमत्तेच्या नुकसानीला ५ हजारांचं १५. वाढवा, चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण हप्ता पण वाढणारच ना, आणि आधीच हाय रिस्कचा शिक्का बसलेल्याने तो कुठून आणायचा?

एजंट कोट देतो म्हणाला आणि गायब झालाय. दीर म्हणतो, "वहिनी, राहू दे, सोमवारी बघू." सोमवारी फोन मी करणार आहे, तो फारच गोड बोलतो.