‘फुकटात आल्यात, मॅडम’

त्रेचाळीस. आज सकाळी चहा उकळत असताना माशांच्या टँकमधून काकडीची चकती बाहेर काढली आणि तिला चिकटलेल्या गोगलगायी मोजल्या, त्रेचाळीस! काल एकोणचाळीस होत्या. म्हणजे मी रोज रात्री काट्याला काकडी खोचून सापळा लावतेय, रोज सकाळी बाईसाहेबांना उचलून बाहेर काढतेय, आणि आकडा चढतोच आहे. कुठल्या गणितात बसतं हे?

सगळं सुरू झालं टँकमध्ये लावायच्या ऐंशी रुपयांच्या पाणवनस्पतीच्या, वॅलिसनेरियाच्या जुडीपासून. पानाच्या मागे एक पारदर्शक ठिपका होता, शिजलेल्या साबुदाण्यासारखा लिबलिबीत, आत बारीक बारीक टिंबं. मला वाटलं, झाडाचा चीक असेल. चीक कसला, अंडी होती ती! झाडं टँकमध्ये लावण्याआधी तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवून ठेवायची असतात, हे मला दुकानात कुणी सांगितलं? नाही. हे कळलं तेव्हा काचेवर मोहरीएवढी पिल्लं फिरत होती. जाब विचारायला गेले तर दुकानदार हसून म्हणतो, “फुकटात आल्यात, मॅडम. काच साफ करतील.” सहा महिने झाले. काचेवरचं शेवाळ जिथल्या तिथे आहे, आणि त्या शेवाळावर गोगलगायी आहेत.

बरं, एकच जात असती तरी निभावलं असतं. पातळ कवचाच्या, गोलसर पोटाच्या आहेत त्या नर-मादी दोन्ही एकाच अंगात. एकटी सापडली तरी अंडी घालते. ना जोडीदार, ना मुहूर्त, आठ-दहा दिवसांत बारसं. आणि दुसऱ्या त्या लांबट, टोकदार, ट्रंपेट म्हणतात त्या. दिवसा खडीत गाडून घेतात, एक दिसणार नाही. रात्री दोनला पाणी प्यायला उठले आणि सहज मोबाइलचा टॉर्च टँकवर मारला, तर सगळी खडी हलत होती! अंगावर काटा आला. यांच्यात बहुतेक सगळ्या माद्याच, नराची गरजच नाही, आणि अंडीबिंडीही नाहीत, थेट जिवंत पिल्लं. शाळेत मृदुकाय, उदरपाद असं घोकलं होतं. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण नाही हो, शब्दशः वर्णन आहे.

सल्ले तर विचारूच नका. “क्लाऊन लोच सोड, फडशा पाडेल.” अहो, तो मासा फूटभर वाढतो आणि कळपाने राहतो, माझा टँक दोन फुटांचा! “पफर मासा आण.” तो माझ्या गप्पी माशांच्या शेपट्या कुरतडणार. मग एका शहाण्याने बाटली दिली, तांब्याचं औषध. मूर्खासारखी मी अर्धा डोस ओतला. ट्रंपेटवाल्यांनी आपल्या कवचाचं झाकण लावून घेतलं आणि आत निवांत बसल्या. पातळ कवचाच्या मेल्या, पण खडीत मेल्या, आणि तिथेच सडल्या. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं, हॉलमध्ये भाऊच्या धक्क्यासारखा वास. आणि माझ्या अकरा चेरी कोळंब्या, ज्यांच्यासाठी मी हा सगळा आटापिटा करत होते, त्या अकराच्या अकरा आडव्या. तांबं कोळंबीलाही मारतं हे त्या बाटलीवर लिहिलं होतं. मराठीत नाही, मुंगीच्या अक्षरात.

पण खरा राग कुणाचा आहे सांगू? गोगलगायी हवेवर जगत नाहीत. तळाला पडलेलं खाणं असेल तेवढ्याच त्या वाढतात. आमच्या घरात माशांना जेवायला घालणं हे पुण्यकर्म आहे. पहाटे पाचला आबा एक चिमूट. नऊला पूजा झाली की पुन्हा आबा. शाळेतून आल्यावर चिरंजीव. रात्री जेवून उठल्यावर नवरा, “अगं, आज कुणी खाणं घातलं का?” आणि उत्तराची वाट न बघता चिमूट! मी डबा कपाटात कुलपात ठेवला. चार दिवसांनी पाण्यावर तांबूस भुगा तरंगताना दिसला. आबा मारी बिस्किट कुस्करून घालत होते.

“आबा, अहो त्यांना दिवसातून एकदाच पुरतं.”

“अगं, बघ तरी, कशी तोंडं वर करून बघतायत. दारातल्या कुत्र्यालाही आपण उपाशी ठेवत नाही.”

आता यावर काय बोलणार? गप्पी चोवीस तास तोंड वर करूनच असतात, त्यांचा धंदाच तो. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे सांगायचं कसं? सांगितलं की दुपारी ते जेवताना अर्धीच पोळी घेतात.

तर माझा दिनक्रम असा: पंपाने खडीतला गाळ ओढा, पानं उलटीपालटी करून अंडी नखाने खरवडा, काचेवर पिल्लं दिसली की चिरडा (ती मात्र गप्पी मिटक्या मारत खातात), उरलेल्या डबीत भरून फ्रीजरमध्ये. मटाराच्या पिशवीशेजारी. नाल्यात सोडायच्या नाहीत म्हणून. परवा नणंदेने मटार समजून ती डबी उघडली, तो विषय वेगळाच.

आज सकाळी आबा शेजारी उभे राहून माझं मोजणं बघत होते. म्हणाले, “एवढी कोवळी काकडी वाया घालवलीस? कोशिंबीर झाली असती.”

आणि आत्ता हे लिहितेय तर हॉलमधून पुडा उघडल्याची चुरचुर ऐकू येतेय. आबा!