'दोन दिवसांचं काम' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

18 हजारांचं ठरलेलं पोर्ट्रेट मला शेवटी 11 हजारांत द्यावं लागलं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की फ्रेमचा खर्च मी दोन ठिकाणी धरला, लेखी ठरवून अर्धे पैसे आगाऊ घेतले असते तर ही वेळ आली नसती, आणि शेवटी हे वाक्य : "दोन दिवसांच्या कामाचे 18 हजार मागायचे आणि वर कलेला किंमत नाही म्हणून गळा काढायचा."

फ्रेमचं तुमचं बरोबर आहे. 1,800 रुपये दोनदा आले होते. एका चित्राचा खर्च 6,100 नव्हे, 4,300 धरावा. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण 'गळा काढायचा' हे शब्द कशासाठी? तुमची माझी ओळख नाही. शंका होती तर विचारायची होती, मी प्रत्येकाला उत्तर देतो. असं कुणाच्या घरात शिरून बोलत नाहीत.

आता ते दोन दिवस. चेहरा दोन दिवसांत बसला, एवढंच मी लिहिलं होतं. त्याआधी वारलेल्या माणसाचा एकच जुना, पासपोर्ट आकाराचा फोटो घेऊन मी आठवडाभर पेन्सिलीने कच्ची रेखाटनं करत होतो, कारण त्या फोटोत डावा डोळा सावलीत होता. त्यानंतर त्यांच्या मुलीला हनुवटी पटेना. माझ्या पद्धतीत तैलरंगाचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही, जाड थराला तर आठवडे लागतात. त्यात हे काम मे महिन्यातलं. पारा 45 वर गेला की माझ्या टिनाच्या छपराखाली दुपारी बसवत नाही, आणि कूलर लावला तर ओल्या रंगावर धूळ बसते. म्हणून पहाटे 5 ते 9, एवढाच माझा दिवस. मोजा आता.

मागच्या वर्षी अशी 14 कामं मिळाली, आणि हे माझं सर्वांत चांगलं वर्ष. सगळ्यांचे पूर्ण 18 हजार आले असं धरलं तरी 2 लाख 52 हजार. खर्च वजा जाता 1 लाख 91 हजार 800. महिन्याला 16 हजारसुद्धा नाहीत, आणि त्यातले 6 हजार खोलीचं भाडं. उलाढाल मर्यादेखाली असल्यामुळे मी जीएसटीची नोंदणी केलेली नाही, म्हणून रंगांवर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. घर चालतं ते एलिमेंटरी-इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या क्लासवर. इंटरमीजिएटला ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण वाढतात, म्हणून पालक क्लासची फी देतात. चित्रासाठी तेच पालक "थोडं कमी करा ना" म्हणतात.

मी नागपूरच्या महाल भागात वाढलो, चितार ओळीपासून, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीपासून, चार पावलांवर. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "अक्षर वाकडं गेलं त गिऱ्हाईक गेलं," म्हणायचे. फ्लेक्स आल्यावर दोन वर्षांत त्यांचे डबे वाळले, शिडी विकावी लागली. ओळीतले मूर्तिकार महिनोन् महिने माती मळतात, उधारीवर साहित्य आणतात आणि विक्री होते ती मोजक्या दिवसांत. काही गिऱ्हाइकं मुद्दाम शेवटच्या संध्याकाळी येतात. चतुर्थी उलटली की त्या गणपतीला कोण विचारतो? हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोर्ट्रेटचंही तेच. तुमच्या आजोबांचं चित्र तुमच्याशिवाय जगात कुणाला हवं असतं? समोरच्याला हे कळलं की भाव त्याच्या हातात जातो. माझे 7 हजार तिथेच गेले, आणि तुम्ही मला दोन दिवस मोजून दाखवता!

लेखी करार, आगाऊ रक्कम वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. आपल्याकडे कामं ओळखीवर येतात, ओळखीच्या माणसापुढे कागद ठेवता येत नाही. हे नागपुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

सध्या एका आजींचं चित्र चालू आहे. दुसरा थर वाळतो आहे, नऊवारीचा काठ बाकी आहे. तो काठ किती दिवसांत होतो ते इथेच, तारखांसकट लिहीन.