‘सिम्पसन्स’चं भाकीत: संवाद वाचा, पण तारखेसकट

नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: अमेरिकेतल्या ‘द सिम्पसन्स’ या विनोदी कार्टून मालिकेने ट्रम्प आणि कोरोना, दोन्ही आधीच सांगितले होते, पुरावा संवादांतच आहे. संवाद जरूर वाचा, फक्त शेजारी तारीख लिहा.

ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्याचा उल्लेख 19 मार्च 2000 च्या भागात आहे. पण रिफॉर्म पार्टी या अमेरिकेतल्या छोट्या पक्षाची उमेदवारी मिळवायला ट्रम्प 1999 मध्येच पुढे सरसावले होते. माघार घेतली फेब्रुवारी 2000 मध्ये. असा एक भाग बनायला कित्येक महिने लागतात. तो बनत होता तेव्हा ती चालू बातमी होती.

कोरोनाचं तर काहीच टिकत नाही. 1993 च्या भागात ‘ओसाका फ्लू’ आहे, आणि लेखकांच्या डोळ्यांपुढे 1968 चा हाँगकाँग फ्लू होता. ‘कोरोना व्हायरस’ लिहिलेलं चित्र 2010 च्या वेगळ्याच भागातलं, मूळ अक्षरं बदललेलं.

“इतकं योगायोगाने जुळतं का?” जुळतं. 1989 पासून साडेसातशेहून जास्त भाग झालेत, आणि न जुळलेले विनोद कोणी फॉरवर्ड करत नाही. घटनेचा संवादांवर खरंच परिणाम झाला का, हे संगणकाने भाषेचं विश्लेषण करून मोजता येतं: सगळी सबटायटल्स घ्यायची आणि एखादा शब्द घटनेआधी किती यायचा, नंतर किती, हे पाहायचं. मालिका किती दिवसांत बनते हेही धरावं लागतं. ‘साउथ पार्क’ या दुसऱ्या अमेरिकी कार्टून मालिकेचा भाग साधारण सहा दिवसांत होतो, ओबामांच्या विजयावरचा भाग निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, 5 नोव्हेंबर 2008 ला आला.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते गायब झालेले शब्द. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेतला विमानतळावरच्या बॉम्बच्या विनोदाचा प्रसंग काढून दुसरा चित्रित केला गेला. घटनेचा इतका थेट परिणाम, आणि प्रसारित संवादांत त्याचा मागमूस नाही! तो दिसायला जुनी संहिताच हवी.

हे मराठीतही व्हायला हवं. ‘चला हवा येऊ द्या’ 2014 मध्ये सुरू झालं, नोटबंदी झाली 8 नोव्हेंबर 2016 ला. आधीचे-नंतरचे भाग शेजारी ठेवून तपासता येतील. मात्र भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी बोली उतरवताना ‘का’ या अर्थाचा शब्द एकाने ‘काहून’ लिहिला, दुसऱ्याने ‘काऊन’, तर संगणक ते दोन शब्द धरेल. अशा शब्दांची यादी आधी आपल्या विदर्भातल्याच कोणीतरी नीट करून द्यावी लागेल.