जुळे सोलापूरचा प्लॉट आणि कॅनडाचा कर

परवा ताईने प्लॉटचं बक्षीसपत्र स्वतःच्या नावे करून घ्यायचं काढलं. जुळे सोलापूरचा प्लॉट भाच्याच्या नावावर, आणि भाचा, म्हणजे तिचा मुलगा, गेल्या ऑगस्टपासून कॅनडात ब्रॅम्प्टनला. मुखत्यारपत्र पाठव म्हणून ती त्याच्या मागे लागली, दस्तलेखकालाही भेटून आली. कशामुळे? ‘परदेशी गेलेल्या मुलांच्या पालकांनो, सावधान!’ हा फिरता मेसेज. मी पोराचा मामा, चादरीच्या पेढीवर तीस वर्षं खतावणी लिहिलेला माणूस. वाचून डोकंच फिरलं.

म्हणे, कॅनडात पहिलं रिटर्न भरलं की इथल्या जमिनीच्या पूर्ण किमतीवर कर बसतो, तेव्हा आधीच नाव काढून टाका. काहीपण फेकतंय बे! कॅनडाच्या महसूल खात्याने नव्याने आलेल्यांसाठी नियम लिहून ठेवलेत, ते मी दोनदा वाचले. माणूस तिथला रहिवासी झाला, त्या दिवशीच्या बाजारभावाने त्याने प्लॉट घेतला असं धरतात. त्या दिवशी ३० लाख आणि पुढे ३६ लाखांना विकला, तर हिशेबात नफा ६ लाखांचा. आधीची वाढ तिथे मोजतच नाहीत. उलट आता आईला बक्षीस दिला, तर बाजारभावाने विकला असं धरून ऑगस्टपासूनचा नफा मोजतील. म्हणजे मेसेजचं ऐकलं तरच भानगड! कॅनडाबाहेरच्या मालमत्तेचा टी११३५ फॉर्म तिची एकूण किंमत १ लाख कॅनडियन डॉलरच्या वर असेल तरच, आणि पहिल्या वर्षी तोही नाही.

भाऊजी म्हणाले, रेडीरेकनरचा कागद काढून ठेवू. तो नको, बाजारभाव लागतो. सरकारमान्य व्हॅल्युअरकडून भाचा तिथला रहिवासी झाला त्या तारखेचा अहवाल घ्या आणि जपून ठेवा.

पुढचा शहाणपणा: ‘एनआरई ठेवीचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या इथल्या बँकेतल्या ठेवीचं) व्याज करमुक्त, तिथे दाखवू नका.’ करमुक्त आहे ते भारतात. रहिवासी झाल्यापासून कॅनडा जगभरच्या कमाईवर कर लावतो, आणि दोन्ही देश बँक खात्यांची माहिती एकमेकांना देतात. लपवा म्हणणारा दंड भरायला येणार आहे का?

‘वर्षाच्या मध्येच गेलात, कमाई नाही, मग रिटर्न नको’ हेही चूक. बालभत्ता आणि इतर सवलती रिटर्नवरच चालू राहतात. मुदत ३० एप्रिल, आपली ३१ जुलै डोक्यातून काढा. कर देणं असून उशीर केला तर ५ टक्के दंड, वर दरमहा १ टक्का.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये खरी निघाली, नाइलाजाने मान्य करतो. तिथे जाण्याआधीची त्या वर्षातली भारतातली कमाईही रिटर्नमध्ये लिहावी लागते. पण ती वैयक्तिक सवलती ठरवायला. तिच्यावर कॅनडात कर नाही, हे लिहायला मेसेजवाला सोयीस्कर विसरला.

बक्षीसपत्र रद्द झालं. दस्तलेखक मसुद्याचे पाचशे परत देत नाही. ते आता मेसेज पाठवणाऱ्या शेजारणीकडून वसूल करते, असं ताई म्हणाली.