खुंटीवरचा कोट

सकाळपासून तीन ग्रुपवर तीच रील आली. "भुताटकीचं दीपगृह! ताटात अर्धवट जेवण, खुर्ची आडवी, तिघे गायब!" मागे कोणीतरी विव्हळतंय असा आवाज. आणि खाली आपल्याच सोलापुरातली शहाणीसुरती माणसं लिहितायत, "बाप रे, काटा आला." राग आला म्हणून लिहितोय.

हे दीपगृह स्कॉटलंडच्या पश्चिमेला, फ्लॅनन बेटांवर. लुईस बेटापासून साधारण ३२ किलोमीटर आत, अटलांटिकमध्ये, आयलन मोर नावाचा एक खडक आहे, त्यावर. आराखडा डेव्हिड अ‍ॅलन स्टीव्हन्सनचा. काम १८९५ ला सुरू झालं, दिवा लागला ७ डिसेंबर १८९९ ला. मनोरा अवघा २३ मीटरचा. वेळ मनोऱ्याने नाही खाल्ला, होडी लागायचे धक्के आणि कड्यातल्या पायऱ्या करण्यात गेला. सगळं सामान होडीतून ४५ मीटरच्या कड्यावर ओढून घ्यायचं होतं. एक धक्का पश्चिमेला, एक आग्नेयेला. वारा ज्या बाजूचा नसेल त्या बाजूने उतरायचं.

डिसेंबर १९०० मध्ये तिथे तिघे होते. मुख्य रक्षक जेम्स डुकाट, त्याचा मदतनीस थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकार्थर. मॅकार्थर तिथला कायमचा नव्हता. एक मदतनीस आजारी पडला म्हणून बदली आलेला. मूळ पेशाने शिंपी. हे लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्या कोटावर येऊन थांबतं. तिघे गेले तेव्हा दोघांचे पावसाळी कोट आणि समुद्री बूट जागेवर नव्हते. मॅकार्थरचा कोट मात्र तिथेच होता. डिसेंबरात, अटलांटिकच्या वाऱ्यात, तो नुसत्या सदऱ्यावर बाहेर पडला होता.

आता त्या रीलचं बघू. अर्धवट जेवण आणि पडलेली खुर्ची १९१२ च्या एका इंग्रजी कवितेतून आली. प्रत्यक्षात तिघे गेल्यानंतर बोटीने बदलीसाठी आलेला रक्षक जोसेफ मूर पहिल्यांदा आत गेला तेव्हा चूल थंड होती आणि भांडी स्वच्छ घासलेली होती. त्यावरूनच तो म्हणाला की जेवणं उरकून गेलेत. "रक्षक रडत होते, प्रार्थना करत होते" ही डायरीसुद्धा बनावट, बऱ्याच वर्षांनी एका अमेरिकी मासिकाने छापलेली. त्या डायरीत १२ डिसेंबरला भयंकर वादळ आहे. त्याच १२ तारखेला लुईसच्या किनाऱ्यावरून दिवा दिसल्याची नोंद आहे! खरी नोंदवही १३ तारखेपर्यंत लिहिलेली होती. पुढच्या नोंदी पाटीवर होत्या, शेवटची शनिवार, १५ डिसेंबर, सकाळी नऊची. वायुभार, तापमान, वारा. रडणं कुठेच नाही.

आणि चौकशी अधिकारी रॉबर्ट म्युअरहेडने जे लिहून ठेवलं ते रीलवाल्यांना दिसतच नाही. वात कातरलेली, तेलाच्या टाक्या भरलेल्या, भिंग पुसलेलं. म्हणजे सकाळचं काम पूर्ण.

लोडशेडिंगमध्ये ज्यांनी कंदील लावलाय त्यांना हे काम लगेच कळेल. तेल पॅराफिन, म्हणजे आपलं घासलेट. रात्रभर जळून वातीवर कडक काजळी धरते, ती सकाळी एका रेषेत कातरायची. एक कोपरा वर राहिला की तिथे ज्योतीला शिंग फुटतं, काच काळी होते, नाहीतर तडकते. संध्याकाळी सूर्य बुडायच्या जरा आधी ज्योत बारीक लावायची आणि काच तापेल तशी हळूहळू वाढवायची. दिवसा भिंगाभोवती पडदे, कारण तेच भिंग उन्हात उलटं काम करतं आणि आतच आग लावतं. भिंग फिरवणारं यंत्र घड्याळासारखं, टांगलेल्या वजनावर चालणारं. वजन तळाला टेकायच्या आत हँडल मारून वर घ्यायचं, सबंध रात्र, पाळीपाळीने. विसरलं तर भिंग थांबतं. फ्लॅननची खूण म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला लागोपाठ दोन झोत. ती बिघडली की खलाशी हे दीपगृह ओळखणार कसं?

एवढं नेटकं काम करून गेलेली माणसं भुताने नेली म्हणायची? चीड येते.

पश्चिमेच्या धक्क्यावर काय होतं ते बघा. समुद्रापासून ३३ मीटर उंचीवर, खडकाच्या फटीत दोरांची पेटी ठेवलेली होती. ती फुटून दोर विखुरले होते. लोखंडी कठडे वाकलेले, एक टनाहून जड दगड हललेला. त्याहून वर, ६० मीटरवर, कड्याच्या काठाचं गवत मुळासकट उपटलेलं. तिथे जवळच कड्यात एक अरुंद घळ आहे, तिच्या टोकाला गुहा. मोठी लाट आत शिरली की पाण्याला जायला जागा नसते, ते स्फोटासारखं वर उसळतं. समुद्र शांत वाटत असतानाही. म्युअरहेडचा निष्कर्ष साधा होता. दुपारी जेवण झाल्यावर दोर आणि पेटी सांभाळायला उतरले आणि लाटेने नेले.

मान्य, कोणी पाहिलं नाही. मृतदेह मिळाले नाहीत. आणि हो, एकाने दिव्यापाशी थांबायचंच हा नियम मोडला, तेही मान्य.

पण कोट बघा ना. दोघे तयारीने गेले, तिसरा तसाच धावला. मला तरी यात एकच दिसतं. खाली काहीतरी झालं आणि वरच्याने नियम बघितला नाही. आपलं गाव युनिफॉर्म शिवणारं आहे. शिंप्याला कपड्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. त्या माणसाने कोट घ्यायलासुद्धा हात लांबवला नाही. घरी बायको आणि दोन मुलं होती. डुकाटची चार.

१५ च्या रात्रीच आर्क्टर नावाच्या जहाजाला दिवा बंद दिसला होता, पण ते कळायला हवं त्यांना वेळेत कळलं नाही. बदलीची बोट हेस्परस २० ला जायची, हवेमुळे २६ ला पोचली. बेटावर तार नाही, बिनतारी नाही. लुईसवरून एक माणूस नजर ठेवायचा, पण धुक्यापावसात दिवा दिसला नाही तरी त्यात नवल नसायचं. सहा दिवस आधी बोट गेली असती तरी तिघे वाचले नसते, हेही खरं.

२६ च्या रात्री लुईसवरून दिवा पुन्हा दिसला. मूर आणि बोटीवरचे तिघे बेटावर थांबले होते. वात कातरलेली होती, तेल भरलेलं होतं, त्यांना फक्त पेटवायचं होतं.

रील तुमच्याकडे आली तर खाली एवढं लिहा: भांडी घासलेली होती, आणि शिंप्याचा कोट घरातच राहिला होता.