'पकडा आणि लांब सोडा' म्हणणाऱ्यांना

जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याने कुणाचा जीव घेतला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: 'दिसेल तो बिबट्या पकडा, लांब जंगलात सोडा. लोकांना सवयी बदलायला सांगणं म्हणजे मेलेल्याच्याच माथी खापर फोडणं.' ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराचा संताप मला कळतो. पण या उपायाने आणखी लेकरं धोक्यात येतात, म्हणून लिहितोय.

'लांब सोडा.' हे जुन्नरमध्ये करून झालंय. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार तिथे १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून बिबटे धरून दुसरीकडे सोडले, तर २००३ पर्यंत ती सरासरी १७ झाली. परक्या मुलखात सोडलेलं जनावर तिथेच थांबत नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. माणसं मारणारा बिबट्या पकडलाच पाहिजे. दिसेल तो नव्हे.

'त्याची जागा जंगलात.' नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. ती वाट चुकून आलेली जनावरं नव्हती.

'सवयी बदलून काय होतं?' २००४ मध्ये मुंबईत उद्यानाच्या कडेने हल्ल्यांचा कहर झाला होता. २०११ पासून वन विभाग आणि नागरिकांनी मिळून तिथे काम सुरू केलं. कचरा उचलला जावा, म्हणजे त्यावर पोसलेली कुत्री आणि कुत्र्यांमागे येणारा बिबट्या लांब राहील, हा आग्रह धरला. गर्दीने घेरलेला बिबट्या बिथरतो, म्हणून गर्दी कशी आवरायची हे पोलिसांना शिकवलं. बातमीदारांशीही बसून बोलले.

राहिलं ते खापर. इथे संदेशाचं निम्मं बरोबर आहे. शेतकरी रात्री उसाला पाणी द्यायला हौसेने जात नाही, पंपाला लागणारी थ्रीफेज वीज अनेकदा रात्री येते म्हणून जातो. त्याला 'अंधारात शेतात जाऊ नका' असा फलक दाखवणं हा अपमानच आहे. मग ग्रामसभेत पिंजऱ्याच्या अर्जासोबत दुसरा अर्जही द्या: शेतीला दिवसा वीज, शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी, आणि ऊसतोड सुरू व्हायच्या आधी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांपाशी (झोपड्यांपाशी) दिवे आणि शौचालय.