उकिडवं बसू नये
मुंबईत माणसाने उभं राहावं, पळावं, लोकलला लोंबकळावं. फक्त उकिडवं बसू नये. बसला की चौकशी सुरू. काल बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रस्त्याकडेच्या मातीत मखमली मुंगी दिसली. तांबडी छाती, काळं पोट, त्यावर पांढरे ठिपके. मोबाइल काढतोय तोच नाकासमोर कॅनव्हासचे पांढरे बूट.

“काय हरवलं?”

“काही नाही काका, किडा बघतोय.”

“मुंगी आहे.”

“मुंगी नाही, गांधीलमाशीच्या गोतातली आहे.”

“मग पंख कुठायत?”

“मादीला नसतात. नराला असतात.”

“नर कुठाय?”

“असेल उडत कुठेतरी.”

काका मागे वळून ओरडले, “अगं ऐकलंस का, यांच्यात नवरा उडतो आणि बायको चालते!”

काकू गुडघा दाबत आल्या. “आपल्यात वेगळं काय आहे?”

“चावते का?”

“डंख मारते. फक्त मादी. नराला डंखच नसतो.”

काकूंनी पहिल्यांदाच किड्याकडे नीट पाहिलं, जरा आदरानेच.

खऱ्या मुंगीच्या मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतात, कमरेला गाठ असते, असं मी सांगू लागलो, तर काकांनी निकाल फिरवला: “मग मृगाचा किडा!” अहो, तो लालभडक, आठ पायांचा, कोळ्यांचा भाऊबंद. हिला सहा. “मोजले?” म्हणत काकांनी काठीचं टोक तिच्यावर टेकवलं. ती चिरचिरली. मेली नाही, यांचं कवच इतकं टणक की संग्रहाच्या टाचण्या वाकतात. पण सुटली ती थेट पाचोळ्यात.

आता जात कशी ओळखू? एकाच जातीचे नर-मादी इतके वेगळे दिसतात की शास्त्रज्ञांनीही त्यांना निरनिराळ्या जाती म्हणून नावं देऊन ठेवलीत. उलट अमेरिकेत कित्येक जाती एकाच गणवेशात हिंडतात. एकीचा डंख खाल्लेला सरडा बाकीच्यांच्याही वाटेला जात नाही. ठिपक्यांवरून नाव ठोकून देता येत नाही. पोटाच्या कडेची लवेची बारीक रेघ, छातीचा आकार, हे भिंगाखाली बघावं लागतं. कीटकशास्त्रज्ञ बिंगहॅमने 1897 मध्ये भारतातल्या जातींची वर्णनं लिहिली, तीही नमुने समोर ठेवून. त्याच्या खांद्यावरून कुणी “मुंगीच आहे” म्हणत नसावं. माझ्या फोटोत मुंगी धूसर आहे. बूट मात्र लेससकट स्पष्ट.

एवढ्यावर भागलं नाही. जाताना काकांनी हास्यक्लबाला हाक मारून माझी ओळख करून दिली, “हे मुंग्यांचे डॉक्टर!” एका आजोबांनी लगेच साखरेच्या डब्याला लागणाऱ्या मुंग्यांवर औषध विचारलं.

मी खडू सांगितला.